पोरगी पसंत, बाप नापसंत

भीमाशंकर खाटेवर आडवा झाला तेव्हा त्याचे दोन्ही पाय होणाऱ्या व्याह्यानं धरले होते. धरायची काही गरज नव्हती. पण शंभुराज ही तपासणी बघायला पोखर्णीहून खास परभणीला आला होता, आणि दवाखान्यात नुसतं उभं राहणं त्याला बरं दिसेना.

तीन दिवसांपूर्वी राणीसावरगावला भीमाशंकरच्या घरी लग्नाची बैठक बसली. त्याची पोरगी महेश्वरी सगळ्यांना आवडली. मग भीमाशंकर 'शरणार्थ' म्हणत नमस्काराला व्याह्यासमोर वाकला, वर उठला आणि पोह्यांच्या ताटासकट त्याच्याच मांडीत पडला. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, घरात सात पिढ्या दारूचा थेंब नाही. तरी शंभुराजनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग पोहे झटकले. वास कांद्याचा आला. कांदा वास मारायलाच खातात, असं त्याचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पोरगी पसंत हाय, बाप पसंत न्हाई. तपासणी करणार असाल तर माझ्यासमोर करा.

गेले पंधरा दिवस भीमाशंकरनं कूस बदलली की घर फिरत होतं. आधी त्याचा संशय आढ्याच्या वाशांवर होता.

डॉक्टर राजेश्रींनी भिंतीवरचं कानाचं चित्र दाखवलं. ऐकायचा शंख वेगळा. त्याच्या शेजारी पाण्यानं भरलेल्या तीन वाकड्या नळ्या. माणूस कुठं वळतोय, हे त्या मेंदूला कळवतात. जवळच एका गादीवर चुन्याचे बारीक कण बसलेले असतात. काकांचे थोडे कण गादीवरून सुटून नळीत शिरलेत. काका थांबतात, कण घरंगळत राहतात. मेंदूला वाटतं, काका अजून फिरायलेत.

चुना ऐकल्याबरोबर नागुबाईनं नवऱ्याकडं, भीमाशंकरकडं बघितलं.

"तरी म्हणत होते, तंबाखू सोडा."

हा चुना तो नव्हे, असं डॉक्टरांनी सांगून बघितलं. तोंड आणि कान एकाच डोक्यात असतात, एवढं नागुबाईला पुरेसं होतं.

शंभुराजचं मोंढ्यात धान्याचं दुकान होतं. त्याला ही भानगड लगेच कळली. म्हणजे तराजू बरा हाय, पारड्यात खडा पडलाय. डॉक्टर म्हणाल्या, तसंच समजा.

मग त्यांनी भीमाशंकरची मान उजवीकडं वळवली आणि डोकं खाटेच्या कडेखाली सोडलं. एक, दोन, तीन, चार. भीमाशंकरचे डोळे आपोआप नाचायला लागले. त्यानं खाट गच्च धरली आणि आलो, आलो म्हणाला. कुठं, ते कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी शंभुराजला बोलावून ते डोळे दाखवले. शंभुराज पाय न सोडता जेवढं वाकता येईल तेवढं वाकला. हळूहळू डोळे मंदावले. थांबले.

"बघा, अर्ध्या मिनिटात थांबलं," डॉक्टर म्हणाल्या. "दारू अशी अर्ध्या मिनिटात उतरत नाही."

"न्हाई उतरत," शंभुराज चटकन म्हणाला.

नागुबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. शंभुराजनं पाय आणखी घट्ट धरले.

डॉक्टरांनी मान सावकाश दुसऱ्या बाजूला नेली, भीमाशंकरला कुशीवर वळवून तोंड जमिनीकडं केलं, मग उठवून बसवलं. झालं, म्हणाल्या. सुई नाही, गोळी नाही. एवढ्या लांबून आलोय तर निदान एक सलाईन तरी लावा, असं नागुबाईनं सुचवून बघितलं. आता फक्त वाकून दाखवायचं राहिलं होतं.

वाकायचं तर कुणाच्या तरी पुढं वाकावं म्हणून भीमाशंकर शंभुराजसमोर उभा राहिला. शंभुराजनं पाय रोवले, दोन्ही हात पुढं केले. नागुबाईनं डोळे मिटले.

"शरणार्थ," म्हणत भीमाशंकर वाकला. उठला. कानाचं चित्र भिंतीवर होतं. भिंतही जागेवर होती. तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

"थांबलंय की," तो हळूच म्हणाला.

पण तोवर शंभुराजचे हात येऊन पोचले होते. त्यानं न पडलेल्या माणसाला छातीशी गच्च धरलं आणि धरूनच ठेवलं.

नागुबाईनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"सोडा आता, पाव्हणे. ते न्हाईत पडत," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाचा वास आमी लग्न झाल्यावर घेऊ."