गादीशिवाय

आमचे हे न्हाणीघरात पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. म्हणून नातीने स्टार्टअप काढून म्हातारं माणूस पडलं की घरच्यांना फोन लावणारं यंत्र बनवलं. त्याला पडणं कळावं म्हणून मी वर्षभर गादीवर पडत आले. “तुला चालायला मी शिकवलं, तू मला पडायला शिकव,” अशी आमची थट्टा चालायची. आज मोठ्या कंपनीचे साहेब पैसे गुंतवण्याआधी यंत्र पाहायला आले. मी धपकन पडले, फोन वाजला. साहेब हसले. “छान. पण आजी, लोकांच्या न्हाणीघरात गादी नसते.” त्यांनी ती पायाने बाजूला सारली. खाली गार फरशी. मी कपाटाची कडी घट्ट धरली. नात ‘नको’ म्हणेल म्हणून तिच्याकडे पाहिलं. ती जवळ आली, माझं एकेक बोट सोडवत कानाशी म्हणाली, “आजी, एकदाच. जोरात पड.”