सात तारखेचे आठ हजार

महादेवनं शटर खाली ओढलं आणि स्वरूपच्या कानाखाली अशी काढली, की त्याचा चष्मा उडून प्रिंटरखाली गेला.

"आईचं पैसं कुठं हैत?"

"अण्णा, ऐकून तर घ्या..."

दुसरी बसली. ओठ फुटला. खासबागेतलं ते टीचभर ऑफिस, पळणार तरी कुठं! बाहेर भरदुपारची वर्दळ चालू होती आणि आत महादेव हात झटकत उभा होता. तळव्यावरचे खोऱ्याचे फोड अजून भरले नव्हते, मारताना त्यालाच झणझणत होतं.

पण त्याच्या जिवाची तगमगही खरीच होती. राजाबाईला, त्याच्या आईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. निपाणीजवळचा हायवेलगतचा तुकडा विकून वडिलांनी मरायच्या आधी तिच्या नावानं दहा लाख एका फंडात घातले होते, याच एजंट स्वरूपच्या हातून. त्याचा डिव्हिडंड खात्यात पडे आणि त्यावर तिचं मशीन चाले. गेली तीन वर्षं तर न चुकता सात तारखेला. म्हातारीही ताठ. "मालकानं ठेवल्यालं खाईन, पोरांफुडं हात पसरायची न्हाई," म्हणायची. या महिन्यात मात्र खातं कोरडं ठणठणीत. उद्या मंगळवार, आणि पैसे भरल्याशिवाय बेड नाही असं दवाखान्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

"भावकूअण्णांस्नी इचारलं का?" स्वरूपनं दबकत विचारलं.

भावकू म्हणजे महादेवचा धाकटा भाऊ, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. नुसत्या नावानं महादेवच्या डोक्यात तिडीक गेली.

"त्या हरामखोराचं नाव काढू नगंस! फाउंड्रीचा पगार खिशात घालायचा, आन् आईच्या दवाखान्याला कधी एक रुपाया न्हाई. इचारलं तर नुसता हसायचा. गेला आता गोव्याला पळून."

स्वरूप वाकून प्रिंटरखाली चष्मा चाचपायला लागला. ती टाळाटाळच महादेवला सोसली नाही. त्यानं त्याची करंगळी धरली आणि उलटी मोडली. कट्‌कन आवाज झाला. स्वरूप गुरासारखा ओरडला.

"दावतो! दावतो अण्णा!"

डाव्या हातानं त्यानं फंडाचा कागद पुढं ओढला. कोणत्या महिन्यात किती डिव्हिडंड दिला, सगळं छापलेलं.

"हे बघा. सात हजार नऊशे. मग आठ हजार दोनशे. मग सात हजार चारशे. फंडवाले आपलंच मुद्दल काढून आपल्याला देत हुते. युनिटची, म्हंजे फंडातल्या एकेका वाट्याची, किंमत घसरत गेली आन् त्या घसरल्या किमतीवर मोजल्यामुळं टक्केवारी लई दिसायची. आन् तीन वर्सांमागं जूनमधी सगळंच बंद."

"बंद?" महादेवनं त्याची कॉलर पिळली आणि आईचं पासबुक तोंडावर आपटलं. "मग हे खोटं बोलतंय व्हय रं? तीन वर्सं आठ हजार आल्यात!"

"त्येच सांगतोय की! फंडाचा डिव्हिडंड कमीजास्त होतोय. आदी अठ्ठावीस तारखेला पडायचा. हितनं फुडं बघा. सात तारीख, आठ हजार. सात तारीख, आठ हजार. एका रुपायाचा फरक न्हाई. कुठला फंड आसा देतोय?"

महादेव त्या आकड्यांकडं बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं, फंड सुधारलाय.

"मग कोण घालत हुतं?"

"मला शप्पत घातलीया, अण्णा."

महादेवनं दुसरं बोट धरलं.

"भावकूअण्णा!" स्वरूप ढसाढसा रडायला लागला. "फाउंड्रीचा पगार सातला हुतोय. त्याच दिशी घालायचे. म्हणायचे, माजं म्हटलं तर आई घ्यायची न्हाई, बापाचंच समजू दे तिला. महादेवला सांगशील तर भांडणात त्यो बोलून बसंल." त्यानं पासबुकातल्या शेवटच्या सात तारखेवर रक्ताळलेलं बोट टेकवलं. "ह्या सातलाच का चुकले, कळंना. रोज फोन लावतोय, बंद लागतोय. तुमीच गाठा की त्येस्नी."

महादेवच्या मुठीतून बोट सुटलं.

भावकूचा फोन कुठं आहे, ते त्याला ठाऊक होतं. कणकुंबीच्या रानात, भावकूच्या शर्टाच्या खिशात, दोन हात मातीखाली.