म्हातारीची अंगठी

सात किल्ल्या. मेलेला ड्रॅगन. माझ्या ऑफिसच्या बॅगेत, रुमालात गुंडाळलेला आईचा तुटका चष्मा.

कॉलेजात अर्धवट सोडलेला गेम आज पुरा करत आणला. त्यातल्या एका म्हातारीच्या हरवलेल्या अंगठीसाठी मी तीन राज्यं पालथी घातली. शेजारी आई चाचपडत मटार सोलत होती.

"सापडली का रे तिची अंगठी? मला मेलं काही दिसत नाही."

"सापडली."

"एवढ्या लांब तुला कशाला पिटाळलं तिनं? मुलगा नाही का तिला?"

"आहे. पण त्याला वेळ नसतो."

"असू दे. कामं असतात रे पोरांना."

जिंकल्याची धून वाजायला लागली. मी आवाज बंद केला.

चष्मा मी महिन्यापूर्वी दुरुस्तीला म्हणून घेतला होता. चष्म्याचं दुकान आमच्याच जिन्याखाली आहे.