पाळण्यातलं पांघरूण

"पोरी, चित्रातलं ते पांघरूण काढ. मजकूर कुणी वाचत नाही. चित्र बघतात आणि तसंच करतात," तीस वर्षं पाळणाघर चालवलेल्या लॉर्ना मला म्हणाल्या होत्या. पाळणाघरातल्या मावश्यांसाठी ऑनलाइन कोर्स होता, त्यातली चित्रं माझी. "अहो, रिकामा पाळणा तुरुंगासारखा दिसतो," म्हणत मी हसून उडवून लावलं. चित्राशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं होतंच: पाळण्यात पांघरूण नको, बाळ गुदमरतं.

सोमवारी माझ्या पाच महिन्यांच्या लेकीला, मेवला, पाळणाघरातून आणायला जरा लवकर गेले. तिच्या नाकापर्यंत पांघरूण होतं. मी ते ओढून काढलं. ती रडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"अगं, एवढी काय घाबरलीस?" तिथली नवी मावशी ब्रिएल म्हणाली. "कोर्समध्ये दाखवलंय तसंच घातलंय. शंभरपैकी शंभर मिळालेत मला!"

चित्र मी त्याच दिवशी बदललं. पण प्रमाणपत्र हातात आल्यावर कोर्स पुन्हा कोण उघडतं? जुनं चित्र बघून इथे कॅनडात, ऑन्टारियो प्रांतभर अकराशे जणी पास झाल्यात. त्यांची नावं कोर्सचं ऑफिस मला देत नाही.

तुमचं बाळ आत्ता पाळणाघरात झोपलं असेल, तर फोन करा. पाळण्यात पांघरूण आहे का, एवढंच विचारा.