वाचक गेले कुठे

दिराने लेखाचा पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्यावरून अंगठा सरकवला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"झकास लिहिलंय, वहिनी," खांद्यावर टॉवेल टाकत तो म्हणाला. "अगदी खिळवून ठेवतं."

खिळलेला माणूस आंघोळीला निघालासुद्धा. वहिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एका वेबसाइटसाठी ती घरातल्या सुरक्षिततेवर लेख लिहायची. तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती आणि ते तीन महिने आज संपत होते. लोक तिचं लिखाण कुठवर वाचतात ते बघून संपादक आज ठरवणार होते, ठेवायचं की नारळ द्यायचा. लक्षण काही बरं नव्हतं. शंभरातले नऊ जण शेवटापर्यंत पोचत. बाकीचे एक्याण्णव मधूनच उठून जातात तरी कुठे, हे कोडं तिला नोकरीच्या काळजीपेक्षा जास्त छळायचं. म्हणून तर आजचा लेख साडेनऊला वेबसाइटवर जाण्याआधी तिने दिराच्या हातात दिला होता आणि स्वतः त्याचा अंगठा वाचत बसली होती.

बाथरूमची कडी लागली. भप्प करून गॅसचा गिझर पेटला.

लेख गॅसच्या गिझरवरच होता. बंद बाथरूममध्ये तो चालू ठेवला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, माणसाला गुंगी येते आणि हाक मारायचंही सुचत नाही, हे सगळं तिने रंगवून लिहिलं होतं. उपाय मात्र तळाच्या परिच्छेदात होता. संपादकांचा नियमच तसा होता. कळीची गोष्ट तळाला ठेवायची आणि वाचकाला तिच्या आशेवर खाली खाली न्यायचं.

तिला एकदम आठवलं, थंडी पडल्यापासून बाथरूमची खिडकी कोणी उघडलीच नव्हती. ती धावत गेली आणि दार वाजवलं.

"भावजी, खिडकी उघडा. आत्ता."

"का हो?"

"लेखात लिहिलंय ना."

"कुठे?"

"शेवटी."

आत पाण्याचा आवाज थांबला. खिडकी करकरत उघडली.

"मग आधी सांगायचं की, वहिनी," आतून आवाज आला. त्यात नेहमीची चेष्टा नव्हती.

ती तिथेच भिंतीला टेकली. मग टेबलाशी येऊन तिने तळाचा परिच्छेद उचलून वर आणला, त्याची दोन साधी वाक्यं केली आणि कोणालाही न विचारता लेख पाठवून दिला.

अकरा वाजता संपादकांनी तिला आत बोलावलं. त्यांच्या पडद्यावर तिचा लेख रंगांत उभा होता. वाचक रेंगाळतात तिथे लाल, निघून जातात तिथे निळा. पहिली ओळ सोडली तर सगळा लेख निळा होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लोक गेले, सर."

"गेले नाहीत, पळाले. पहिल्याच ओळीवरून. नऊ तरी टिकत होते, आज तीनच. तीन महिने मी काय शिकवलं तुम्हाला? पहिल्याच घासाला पोट भरलं तर पुढचं ताट कोण बघणार?"

"पण गेले कुठे असतील?"

"कुठे म्हणजे? दुसऱ्या वेबसाइटवर. तिथे लिहिणारे आपलं गुपित असं दारात सांडत नाहीत."

"मला नाही तसं वाटत," ती म्हणाली. मागे हटायचा तिचा विचार नव्हता. "एकदा वाचून तर बघा, सर. तुम्ही नुसते रंग बघितलेत."

संपादकांनी सुस्कारा सोडला. अशा वेळी ते लेखकाला त्याचीच ओळ मोठ्याने वाचून दाखवत. ऑफिसात भल्याभल्यांनी त्या वाचनाची धास्ती घेतली होती. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द चिमटीत धरल्यासारखा वाचायला लागले.

"'तुमच्या घरात गॅसचा गिझर असेल आणि या क्षणी कोणी दार लावून आंघोळ करत असेल, तर आधी उठा आणि बाथरूमची खिडकी उघडायला सांगा. बाकीचं...'"

ते थांबले.

ती वाट बघत राहिली. आता ठेवणीतला टोमणा येणार, हे तिला ठाऊक होतं. पण संपादक पडद्याकडे बघतच नव्हते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी टेबलावरचे कागद इकडेतिकडे केले, त्यांच्याखालचा फोन शोधला आणि घरचा नंबर लावला. पलीकडून लवकर कोणी उचलेना, तसे ते उठून उभे राहिले.

"अगं, अप्पा कुठे आहेत?... कधी गेले?" ते दाराकडे निघाले होते. समोर ती बसलीय, याचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. "दार वाजव. खिडकी उघडायला सांग त्यांना... अगं, तू आधी ऊठ. का ते मागाहून सांगतो."