पातळ पत्र्यासाठी

इसवी सन १९९१, नोव्हेंबर महिन्यातील एक शुक्रवार, सकाळची वेळ. स्थळ कुवेतमधील शुवैख येथील हारूनचे जुन्या यंत्रांचे दुकान. तुळशीदास तेथे वेल्डिंगचे मशीन घेण्यासाठी सपत्नीक आला होता, आणि कोणते घ्यावयाचे हे ठरवूनच आला होता.

त्याची आधीच म्हातारी गाडी युद्धाच्या काळात रिग्गईतील घराखाली बेवारस उभी राहिली आणि तिचा तळ गंजून गेला. आता शेजारी बसणाऱ्या पत्नीच्या, वीणाच्या, पायांखालून रस्ता पळताना दिसे. दोघे एकाच रुग्णालयात. तो क्ष-किरण विभागात, ती परिचारिका. दोन कारागीर येऊन गेले, पण त्याचे म्हणणे पुरते न ऐकताच निघून गेले. अखेर वीणाने बजावले होते, "आज तळ बुजला नाही, तर उद्यापासून मी स्टाफच्या बसनं जाणार."

बसचे तुळशीदासाला काही नव्हते. परंतु रुग्णालयापर्यंतच्या त्या वाटेवर त्याचे बोलणे मध्येच उठून न जाता ऐकणारे दुसरे कोणी त्याला जगात नव्हते.

"हे रॉडचं मोठं मशीन द्या," तो म्हणाला. "शक्ती कमी करता येते, नसलेली वाढवता येत नाही."

"भाऊ, तुमचा पत्रा म्हणजे पापड," हारून म्हणाला. तो रत्नागिरीकडचा. "तारेचं छोटं मशीन घ्या. टाका मारायचा, बटणावरचं बोट उचलायचं. लाली गेली की दुसरा."

"तुटक सांधा हा सांधाच नव्हे."

हारूनचा शिरस्ता असा, की गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने जोड देऊन पाहिल्याशिवाय मशीन विकावयाचे नाही. तुळशीदासाने गाडीतून कापून आणलेले पत्र्याचे दोन तुकडे हारूनने जुळवून पुढे सरकवले. रॉडने त्यांना क्षणात बशीएवढे भोक पाडले.

"पत्राच निकृष्ट आहे," तुळशीदासाने निर्णय दिला आणि उपकार केल्यासारखे तारेचे मशीन हाती घेतले. बटण दाबले. मुखवट्याआडून आवाज येऊ लागला, "वस्तुतः ज्या धातूची जाडी अल्प, त्यातून उष्णतेचा निचरा मंदगतीने होतो, आणि म्हणूनच, लौकिक समज याच्या उलट असला, तरीही..."

'तरीही'पाशी दुसरे भोक पडले.

तिसरेही तसेच पडले. चौथ्या वेळी वीणा पुढे झाली.

"अहो, वाक्य संपल्याशिवाय तुमचं बोट सुटत नाही. एकेक शब्द बोला."

"एका शब्दात विचार मावत नाही."

"टाका मावतो."

तुळशीदासाने उत्तरासाठी तोंड उघडले. मग त्याला बस आठवली. त्याने मुखवटा खाली ओढला.

"अर्थात," आतून आवाज आला. एक टाका. लाली विझली. "तथापि." दुसरा टाका. "किंबहुना." तिसरा. "सबब." चौथा.

टाक्याशेजारी टाका बसत गेला. शब्द संपले तेव्हा जोडही पुरा झाला होता. हारूनने हातोडीने दोनदा ठोकून पाहिले, मग पत्रा दोन्ही हातांनी वाकवला. जोड सुटला नाही.

"उद्या मी गाडीनंच येते," वीणा म्हणाली.

तुळशीदासाने मुखवटा वर केला. घाम पुसला. आश्चर्य असे, की तो काही बोलला नाही.

"मग भाभी, पसंत?" हारूनने विचारले.

वीणाने मशीन एकवार निरखून पाहिले. मग शेजारी गप्प उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे, जरा जास्त वेळ.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पत्र्यालासुद्धा चालेल."