अर्धं वाक्य

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी भेटायला आला आणि थेट त्यांच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

बाबांनी त्याला तत्त्वज्ञान शिकवलं. आता तो शुद्ध रक्तावर भाषणं देतो, आणि त्याच्या पक्षाच्या प्रत्येक फलकावर बाबांच्या पुस्तकातलं वाक्य असतं : माणसाला मुळं लागतात.

"पुढचं अर्धं कुठे गेलं?" मी विचारलं. "पण माणूस झाड नव्हे, त्याला पायही असतात."

"फलकावर जागा कमी पडते, ताई." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "सरांची वाचा गेली हे कळलं होतं. पण हात तर चालत होता ना? वर्षभर टपालाची वाट पाहिली. एकदा 'चुकतोयस' एवढं लिहिलं असतं, तरी सगळं सोडून आलो असतो. माझी आठवण काढायचे का?"

"नाही," मी म्हणाले. "नावसुद्धा नाही."

त्याने चहा तसाच ठेवला. "येतो. सहाला सभा आहे."

दार लावून मी माझं कपाट उघडलं. बाबांनी टपालात टाकायला दिलेली अकरा पत्रं कपड्यांखाली होती, सगळी मीच फोडलेली. प्रत्येकाची सुरुवात एकच : 'बाळा, चुकतोयस. घरी ये.'

मला बाबांनी उभ्या जन्मात बाळा म्हटलं नव्हतं.